अय्युबची हनुवटी

इंदापूर,
१२ जानेवारी २०२५

अम्मा,

मी राखेनं पातेलं घासत होते आणि तुम्ही ओट्यावर मेथी निवडत होतात. नळाला पाणी आलं होतं, म्हणून हंडा, कळशी, बादल्या सगळं रांगेत मांडलेलं. साजियाची एकच वेणी घालून झाली होती आणि दुसऱ्या वेणीची रिबीन शोधत ती घरभर फिरत होती. साजियाचे अब्बू चहाचा ग्लास घेऊन दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. ग्लास कलायला लागला. तुम्ही मेथीची काडी हातात तशीच धरून उठलात, त्यांच्या बोटांतून ग्लास सोडवून घेतलात आणि म्हणालात, "राजा हाय माझा. झोपाया गादी बी लागत न्हाय ह्येला." आपण दोघी हसलो. स्वतःच्याच घोरण्यानं ते दचकून जागे झाले आणि म्हणाले, "मी झोपलो न्हवतो." मग साजियाही हसली.

ही सकाळ मला हल्ली रोज आठवते. तेव्हा ती साधी सकाळ होती.

तुम्ही दुसऱ्या लेकाकडे राहायला गेल्यापासून फोन केला की आरिफभाई तो तुमच्याकडे देतात, तुम्ही "हां, बरं हाय" म्हणता आणि फोन परत त्यांच्या हातात जातो. म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही रोज पेपर वाचता, हेही वाचाल.

साजिया आता सहावीत आहे. दिवाळीनंतर राजेश्वरी मॅडमनी मला शाळेत बोलावलं. म्हणाल्या, "खतिजाताई, ही रात्री मोबाइल बघत बसते का?" मी म्हटलं, नाही मॅडम, मी पिकोचं काम आवरायच्या आधी ती झोपलेली असते. त्या म्हणाल्या, "मग झोपते, पण तिची झोप होत नाही. वर्गात बाकावर डोकं टेकते. हुशार मुलगी आहे, रागावून उपयोग नाही. दाखवून घ्या."

मागच्या वर्षी तिचे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढली, ते तुम्हाला आरिफभाईंकडून कळलं असेल. काही महिने बरं वाटलं. मग पुन्हा तेच. झोपेत तोंड उघडं, घोरणं, आणि मधेच श्वास थांबतो. थांबतो म्हणजे छाती हलत असते पण आवाज येत नाही. मग एकदम हुंदका दिल्यासारखा येतो. रात्री मी तिच्याकडे तोंड करून तेच ऐकत पडते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली आणि मग सांगितलं, आता दातांच्या डॉक्टरांकडे जा. मला कळेना. श्वासाचं दुखणं आणि दातांचा दवाखाना?

दवाखाना बारामतीत आहे. डॉक्टर दिपाली म्हणून आहेत, दात-जबडा सरळ करणाऱ्या. त्यांनी साजियाला बाजूनं बसवलं आणि मला समजावून सांगितलं. तिचा खालचा जबडा मागे आहे. जीभ त्या जबड्यालाच धरून असते. जबडा मागे, तर जीभही मागे. जागेपणी शरीर सांभाळून घेतं. झोपेत अंग सैल पडलं की जीभ घशावर सरकते आणि वाट अडते. मी विचारलं, वयात आल्यावर जबडा येईल की पुढे? त्या म्हणाल्या, "एवढा मागे राहिलेला आपोआप येईल असं वाटत नाही. पण वाढ चालू आहे तोवर त्याला वळण लावता येतं. वाढ थांबली की मग ऑपरेशनच." दोन प्लेटी असतात, एक वर, एक खाली. त्यांना उतरते ठोकळे असतात. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकूनच मिटतो. मी विचारलं, श्वास नक्की सुधारेल ना? तर म्हणाल्या, "काही मुलांना बराच फरक पडतो, काहींना थोडा. मी शब्द देणार नाही." शब्द दिला नाही म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी असंही विचारलं, घरात अशी हनुवटी आणखी कुणाची आहे? मी तोंड उघडायच्या आत साजिया बोलली. "अब्बूंची. आणि दादीची."

प्लेटी पुढच्या महिन्यात येतील. परवानगी मागत नाही, कळवते आहे. ती तुमचीही आहे.

तुमची सून,
खतिजा


इंदापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

अम्मा,

तुमचं उत्तर आरिफभाईंच्या तोंडून आलं. "अम्मा म्हनती, माझ्या लेकाचा चेहरा मोडू नगं म्हनावं." मी ऐकून घेतलं. मग तुम्ही साजियाला फोनवर मागितलंत. मला बरं वाटलं. ती फोन घेऊन मागच्या दारी गेली आणि मी मशीनवर बसून राहिले. नात दादीशी बोलते आहे, मधे कशाला जा, असं वाटलं.

काल तिच्या दप्तरात प्लेटींची डबी मिळाली. आत प्लेटी, अगदी कोरड्या. माझ्यासमोर प्लेटी घालून निघायची आणि कोपऱ्यावर काढून ठेवायची. रात्री मी दिवा मालवला की उशीखाली. मी विचारलं, टोचतात का? नाही म्हणाली. मुली चिडवतात का? नाही. मग रडायला लागली.

"दादी म्हणाली, चेहरा बदलला की माझ्यात अब्बू दिसायचे बंद होतील. मग दादी कशाला येईल आपल्याकडे?"

तुम्ही "येणार नाही" असं म्हणाला नसाल. ते तिनं स्वतःच जोडलं असेल. दोन वर्षं तुम्ही आला नाहीत, त्याचं काही तरी कारण तिला हवंच होतं.

मला तिच्यावर रागावता आलं नाही. पण डॉक्टरांनी सांगितलंय की जेवण सोडून दिवस-रात्र घातल्या तरच उपयोग. मनात आलं तर घातल्या, नाहीतर नाही, असं चालत नाही. आणि जे काही व्हायचं ते या वर्ष-दीड वर्षात.

आता एक लिहिते. आपल्या दोघींशिवाय ते कुणाला माहीत नाही. आरिफभाईंना वाटतं, घरातल्या हिश्श्यावरून आपलं बिनसलं. वाटू दे.

तुम्ही घर सोडलंत त्या दुपारी मी कापड घेऊन घरी आले, तर साजिया पलंगावर झोपलेली आणि तिच्या हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं आवळलेलं. गाठ टाळूवर. तुम्ही शेजारी बसून तिला वारा घालत होतात. तुमच्या माहेरी तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या पोरांना असंच बांधायची रीत आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला ती गाठ माहीत होती. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, तुमच्याच पदराची किनार फाडून, तीच गाठ त्याच हातांनी तुम्ही साजियाच्या अब्बूंना बांधली होती. त्यांचं तोंड उघडं राहू नये म्हणून. ते गेले त्याला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

मी फडकं ओढून काढलं. काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही आरिफभाईंकडे गेलात.

डॉक्टरांना मी कुणाचं नाव न घेता विचारलं, असं बांधलं तर चालतं का? त्या दचकल्या. म्हणाल्या, "तोंड उघडून ती हवा शोधत असते. बांधल्यानं वाट मोठी होत नाही, होती तीही बंद होते." हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्हाला जबडा मिटवायचा होता, त्यांना तो पुढे आणायचा आहे. मुलीनं नीट झोपावं हे दोघींनाही हवं आहे.

खतिजा


इंदापूर,
१६ मार्च २०२५

अम्मा,

रमजानमध्ये तरी उत्तर येईल वाटलं होतं. तुम्हाला रोजे झेपताहेत ना? आरिफभाई म्हणाले, गुडघे धरले आहेत.

परवा प्रयागबाई साडीला फॉल लावायला आल्या होत्या. आपल्या समोरच्या. तुम्ही गेल्यापासून त्यांना भांडायला कुणी नाही, म्हणून माझ्याकडे येऊन बसतात. साजिया दुकानातच अभ्यास करत होती आणि मी समोर बसल्यामुळे प्लेटी तोंडात होत्या.

"आगं, ते काय सांगाडं घातलंय पोरीच्या तोंडात? उद्या लगीन जमायचं न्हाय."

मी म्हटलं, "मावशी, सहावीत आहे ती."

"सहावी सरायला काय येळ लागतो? आन् ह्या घोरन्याचं काय एवढं घिऊन बसलीस? तुझा नवरा काय कमी घोरायचा? आमचं हे म्हनायचं, अय्युब मोटार बांधता बांधता झोपतो, तार तेवढी आपली आपन गुंडाळती!"

साजिया हसली. मीही हसले. खरंच होतं ते. मोटार वाइंडिंगच्या दुकानात बाकड्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेणारे म्हणून ते गावभर माहीत होते. शेतकरी मोटार न्यायला आले की आधी त्यांना हलवून उठवायचे. मग प्रयागबाईंनी आवाज खाली आणला.

"खरं सांग खतिजा, पीत न्हवता ना गं त्यो? लोकं म्हनत्यात म्हनून इचारलं."

साजियाची पेन्सिल थांबली.

मी म्हटलं, "फॉल उद्या घेऊन जा मावशी."

त्या गेल्यावर साजियानं विचारलं, "अब्बू पीत होते?" मी म्हटलं, कधीच नाही. "मग सरळ रस्त्यावर कसे पडले?"

अम्मा, हा प्रश्न तुम्हालाही लोकांनी विचारला आहे. डाळजजवळचा सरळ रस्ता, भरदुपार, पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही. भिगवणहून काम आटोपून मोटारसायकलवर येत होते. दवाखान्यातल्या पोलिसानं मला सांगितलं होतं, झोप लागली असावी. लोकांनी त्याचं दुसरंच केलं. तुम्ही आठवडी बाजाराला जायचं सोडलंत ते तेव्हापासून. कुणी तरी तुमच्या तोंडावर म्हणालं होतं ना? तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही.

मागच्या खेपेला डॉक्टर दिपालींना मी सगळं सांगितलं. त्यांची हनुवटी, घोरणं, दिवसाची झोप, तो रस्ता. त्या म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे काहीच ठामपणे सांगू शकत नाही. पण ज्यांचा श्वास रात्री अडतो त्यांची झोप दिवसा वसूल होते. गाडी चालवतानासुद्धा." एवढंच म्हणाल्या. मी त्यात भर घालत नाही. वाचनालयातून एक आरोग्याचं पुस्तक आणलं, त्यातही तेवढंच आहे. गेलेल्या माणसाची तपासणी होत नाही. पण त्या दिवसापासून मी कुणी काही म्हटलं तर मान खाली घालत नाही. तुम्हीही घालू नका.

आपण त्याला राजाची झोप म्हणत होतो.

आता माझं सांगते. तुम्हाला वाटतं, हिला काय, हिनं लेकाच्या कपड्यांचं कपाट रिकामं केलं तसा चेहराही पुसून टाकेल. साजिया चुलीपाशी उभी राहून दूध वर यायची वाट बघत असते, तेव्हा बाजूनं तेच दिसतात. तसंच खालचा ओठ आत ओढलेला, तशीच हनुवटी गळ्याकडे पळालेली. माझा हात थांबतो. किती वेळा दूध उतू गेलंय. चेहरा बदलेल हे डॉक्टरांनी लपवलं नाही. मी विचारलं, किती बदलेल? त्या म्हणाल्या, "लोकांना फारसा कळणार नाही. तुम्हाला कळेल." मी घरी आले आणि भाकरी थापल्या.

तर तो चेहरा तुमच्या एकटीचाच जात नाही.

माझ्याशी बोलू नका. चालेल मला. तिच्याशी बोला. मी सांगून ती प्लेटी घालते, पण माझी पाठ वळेपर्यंतच. तुम्ही सांगितलंत तरच ती मनापासून घालेल. माझं एवढंच मागणं आहे.

खतिजा


इंदापूर,
६ एप्रिल २०२५

अम्मा,

तुम्ही इथे होतात, तरी लिहिते. माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही गेल्यावर काय झालं तेही नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, दुपारी दारात रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं, कुणी कापड घेऊन आलं. गुडघे दुखत असताना एसटीनं एकट्या आलात. मी सलाम केला, तुम्ही "हां" म्हणालात. मी पाणी दिलं. शीरखुर्मा गरम करायला आत गेले, कारण समोर बसून काय बोलायचं ते सुचेना. साजिया सकाळपासून मैत्रिणींकडे हिंडून दमून झोपली होती. प्लेटी अर्थातच डबीत.

वाडगा घेऊन बाहेर आले तर तुम्ही तिच्या उशाशी बसला होतात. तिचा श्वास थांबला होता. छाती हलत होती, आवाज नव्हता. मी वाडगा ठेवून धावणार, तेवढ्यात तुमची दोन बोटं तिच्या जबड्याच्या कोपऱ्यांमागे गेली आणि तुम्ही तो हलकेच पुढे उचलला. न बघता. मीठ घालताना हात जातो तसा. श्वास आला. तुम्ही बोटं काढली नाहीत.

डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलेलं तुमच्या बोटांना आधीपासून येत होतं.

मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "अय्युब तान्हा हुता तवा अशीच धरून बसायची मी. दिस उजाडायचा. हात सोडला की पोरगं निळं पडायचं. सासू म्हनायची, खुळी हायस का, फडकं बांध आन् झोप. मग बांधाया लागले." आणि म्हणालात, "मला बी झोप पायजे हुती गं."

फडकं ओढून काढलं त्या दिवशी मी हे विचारलं नव्हतं, आणि तुम्ही सांगितलं नव्हतं.

साजिया उठली आणि तुम्हाला बघून अशी बिलगली की तुमचा चष्मा खाली पडला. मग तुम्ही म्हणालात, "आन बघू ते काय घालत्यात ते." तिनं डबी आणली. तुम्ही प्लेटी उजेडाकडे धरून उलट्या-सुलट्या केल्यात.

"लगाम हाय जनू घोड्याचा."

"दादी!"

"घाल."

"पण दादी, चेहरा..."

"चेहरा काय चाटायचाय? आधी श्वास घे."

"मग अब्बू?"

तुम्ही डबी मिटवून बाजूला ठेवलीत. मला वाटलं, उठून जाल. "तुझा अब्बू माझ्या पोटात वाढला. त्यो मला कुटं बी दिसतो. त्येची काळजी तू नगं करू."

"आन् तू येशील?"

"यीन की. एसटी बंद पडली का काय?"

तिनं प्लेटी घातल्या. "दादी" म्हणायला गेली तर "दाथी" झालं, आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. मी तुम्हाला तसं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवत बसले नाही. शीरखुर्मा गार झाला होता, तो तुम्ही तसाच खाल्लात आणि साखर कमी आहे म्हणालात.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. स्टँडवरून परत आल्यावर साजिया आरसा घेऊन बसली. समोरून बघितलं, मग मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाजूनं बघायचा प्रयत्न केला. ते जमेना, म्हणून माझा छोटा आरसाही मागून घेतला. प्लेटींमुळे खालचा ओठ पुढे आला होता. मी बटणं लावत होते, वर बघितलं नाही. मला भीती वाटत होती.

ती म्हणाली, "अम्मी, बाजूनं मी तुझ्यासारखी दिसते."

अकरा वर्षं सगळे तिच्याकडे बघून तुमचं नाव घेत आले, त्यांचं घेत आले. मीसुद्धा. मी उठून तिच्यामागे उभी राहिले आणि दोन्ही आरशांत बघितलं. थोडं असेल. मला नक्की सांगता येत नाही. माझं असं काही तिच्यात शोधायची मला सवय नाही.

लगेच काही सुधारलं असं समजू नका. श्वास अजून अडतो. डॉक्टर म्हणतात, काही महिने गेल्याशिवाय काही कळणार नाही, आणि तेव्हाही पूर्ण बरं होईलच असं नाही, पुन्हा झोपेची तपासणी करावी लागेल. पण प्लेटी आता तिची ती घालते. शाळेतून आली की मी तोंडाकडे बघते. असतात.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. घरी आल्यावर ती जेवली, प्लेटी धुतल्या, घातल्या आणि झोपली. मी दुकानाचं शटर खाली ओढलं, तिच्याकडे पाठ करून आडवी झाले, आणि झोपले.

खतिजा